चौदावं रीळ

भाताच्या टोपात डोकावून पाहिल्याशिवाय चिमण जेवायला बसत नसे. ताट वाढून झालेलं असायचं, कालवणाची वाफ नाकात शिरत असायची, तरी हा आधी चुलीपाशी जाणार, टोपावरचं झाकण उचलणार, आत भात उरलाय की नाही ते बघणार आणि मगच पहिला घास घेणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी शुक्रीला वाटलं, नवरा संशयी निघाला. दुसऱ्या वर्षी तिने विचारलं.

"काय बघतोस रोज रोज? भात चोरते का मी?"

"तुला उरलाय का ते बघतो."

"हे कोणी शिकवलं?"

"सिनेमाने," चिमण म्हणाला आणि जेवायला लागला.

शुक्रीने पुढे विचारलं नाही. सिनेमा हा शब्द घरात फार वेळ चालू द्यायचा नाही, हे तिला तोवर कळलं होतं. त्या शब्दाच्या मागोमाग नवऱ्याचं तोंड कडू होई आणि दोन दिवस तसंच राही.

कैनाडच्या पाड्यावर राहणारा चिमण चाळीस वर्षं चिकूच्या वाड्यांमधून तोडणीला जात होता. लांब काठीच्या टोकाला जाळी, जाळीत फळ घ्यायचं, देठ मोडू द्यायचा नाही. हाताला काम चांगलं होतं. पण हे त्याचं काम नव्हतं. त्याचं खरं काम वेगळं होतं आणि ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

पंचवीस वर्षांचा असताना चिमण तंबूच्या सिनेमाचा ऑपरेटर होता. दिवाळीनंतर भात कापून झाला की डहाणूच्या रविंद्रशेठचा तंबू बाहेर पडायचा. तलासरी, उधवा, कासा, बोर्डी, पुन्हा डहाणू. पाऊस लागेपर्यंत खेळ चालायचे. मशीन एकच होतं, कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर फेकणारं. एक रीळ संपलं की उजेड करायचा, लोक शिट्ट्या मारायचे, चिमण दुसरं रीळ चढवायचा. कांड्यांमधलं अंतर जराही वाढलं तर पडद्यावरची माणसं काळवंडायची. चिमणच्या हाताखाली ती कधी काळवंडली नाहीत. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण डब्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे तोच घालायचा. त्याच्या चारच्या आकड्याला खाली एक लांब शेपटी असे. शेठ म्हणायचा, "चिमण, तुझा चार म्हणजे उंदीर आहे, पळून जाईल एक दिवस."

त्या वर्षी शेठने 'हातभर अंगण' आणला. एका शिंप्याच्या घराची गोष्ट. त्यात मारामारी नव्हती, नाच नव्हता. शिंपी, त्याची बायको, दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा शहरात जातो आणि परत येत नाही, एवढंच. शेठला वाटलं होतं, आमच्या लोकांना हा चालणार नाही. पण पहिल्याच आठवड्यात डोंगरावरच्या पाड्यांवरून माणसं पोरंबाळं घेऊन उतरली. त्यांनी आजवर पडद्यावर राजे पाहिले होते, देव पाहिले होते, बंदूकवाले पाहिले होते. टोपातला भात पाच जणांत कसा वाटतात, हे पडद्यावर कोणी दाखवलं नव्हतं. त्या सिनेमात आई सगळ्यांना वाढते, मग स्वतः बसते आणि टोप तिरका करते. टोपात काही नसतं. ती त्यात पाणी घालते, कडेचा लागलेला भात बोटाने सोडवते आणि ते पाणी पिते, जणू तिला तेच आवडतं. तेव्हा धाकटी मुलगी काही न बोलता आपल्या ताटातला अर्धा भात आईच्या ताटात सारते. कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे जेवत राहतात. या ठिकाणी तंबूतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या आणि पुरुष विडी विझली नसताना पुन्हा पेटवायचे. चिमणने हे रोज मशीनशेजारच्या भोकातून पाहिलं. त्याची आई अशीच पाणी प्यायची आणि त्याला लहानपणी वाटायचं, आईला पेज आवडते.

गर्दी बघून शेठला हाव सुटली. एकाच सिनेमावर त्याने दोन तंबू चालवायला घेतले, एक उधव्याला, एक तलासरीला. रिळांचा संच मात्र एकच. उधव्याचा खेळ आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की मोटरसायकलवरून तलासरीला यायचं आणि दीड तासाने इथे लागायचं. शेवटचे दोन डबे शेठ स्वतः आणायचा.

एका शनिवारी शेठ आला तो तेरावा डबा घेऊन. चौदावा नव्हता. तोंडाला ताडीचा वास येत होता.

"चौदावं कुठे, शेठ?"

"येतंय मागून. तू तेरावं चढव."

"मागून कोणाबरोबर? तुमच्या मागे तर कोणी नाय."

"चिमण, डोकं खाऊ नकोस. काहीतरी लाव. लोकांना काय कळतंय."

तेरावं रीळ अकरा मिनिटांचं होतं. त्याच्या शेवटी शिंपी मुलाच्या जुन्या मापावर सदरा शिवायला घेतो, बाहेर पावलं वाजतात आणि तो दाराकडे बघतो. तिथे रीळ संपतं. चौदाव्यात दार उघडतं आणि शेजारी आत येतो. मुलगा नसतोच. सदरा शिवून होतो आणि खुंटीला टांगला जातो. सिनेमा तिथे संपतो.

चिमणने त्या अकरा मिनिटांत विचार केला. तंबूत तीनशे माणसं बसलेली. सिनेमा अर्धवट बंद केला तर कनात फाटली असती. त्याला आठवलं की चौथ्या रिळाची सुरुवातच दार उघडण्याने होते. मुलगा तेव्हा अजून घरीच असतो, बाजारातून येतो आणि म्हणतो, "आई, भूक लागली." पुढे ते जेवण. चिमणने चौथा डबा ओढला, रीळ हाताने उलटं गुंडाळलं आणि तेरावं संपताक्षणी चढवलं. शिंप्याने दाराकडे पाहिलं आणि दारातून मुलगा आत आला. तंबूत एक मोठा श्वास ऐकू आला, जणू तीनशे माणसांनी मिळून एकच श्वास सोडला. सगळे जेवायला बसले. आईने टोप तिरका केला, ती पाणी प्यायली, मुलीने भात सारला आणि आईने तो पहिला घास उचलला. त्या घासावर चिमणने भिंगापुढचा पत्रा हाताने खाली ओढून उजेड कापला. पडदा काळा. मग दिवा लावला.

लोक उठेचनात. एक म्हातारी बसल्या जागी म्हणाली, "आला गं पोरगा. जेवला." आणि मग लोक बोलत बोलत पाड्यांकडे गेले.

सोमवारी तलासरीचा बाजार होता. सिनेमा देणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा माणूस रिळं मोजायला आला आणि तेरा भरली. शेठने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि चिमणकडे बोट केलं.

"याने विकलं. बांगडीवाल्याला."

तेव्हा जुन्या रिळांच्या बांगड्या व्हायच्या, त्यामुळे हे खरं वाटण्यासारखं होतं. चिमण म्हणाला, "शेठ, तुम्ही आणलंच नाय ते." शेठने पायातली चप्पल काढली. भर बाजारात, सुक्या मासळीच्या बायका, कोंबडीवाले, टोपल्यावाले सगळे बघत असताना त्याने चिमणला चप्पल मारली. एक, दोन, तीन. मग फाटक्या रिळाचा एक तुकडा माळेसारखा त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "हा बघा रीळचोर."

माणसं हसली. कदाचित घाबरून हसली असतील, कदाचित चिमण त्या काळ्या माळेत खरंच विचित्र दिसत असेल. पण हसली. ते हसू चिमणने कानात जपून ठेवलं.

त्यानंतर डहाणूच्या थेटरात त्याला कोणी उभं केलं नाही. आणि जखमेवर मीठ असं की त्या मोसमात कासा, बोर्डी, डहाणू सगळीकडे शेठने सिनेमा चालवला तो चिमणचाच शेवट लावून. नवा ऑपरेटर तेरानंतर चार लावायचा आणि लोक रडून, हसून घरी जायचे. चोरी चिमणच्या नावावर लागली आणि शेवट शेठच्या तंबूत राहिला.

माणूस किती वर्षं डूख धरू शकतो? चिमणला कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, काही कष्ट पडत नाहीत. रोज थोडं थोडं करायचं असतं, दात घासल्यासारखं. चिकू तोडताना करायचं, बस येईपर्यंत करायचं. बाजारात एखादा म्हातारा शेजाऱ्याला कोपर मारी, "तो बघ, रीळचोर," आणि चिमण मान खाली घालून पुढे जाई. शेठची त्याने मनात अनेक मरणं पाहिली. त्याला ताडावरून पाडलं, खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतवलं. पण प्रत्येक वेळी शेवटी शेठ त्याच्याकडे बघून हसला. त्यामुळे चिमणला कळलं की मरण उपयोगाचं नाही. शेठ जिवंत हवा आणि समोर बाजार हवा.

२०१५ च्या उन्हाळ्यात चिमण एका लग्नाला उधव्याच्या वाटेवरच्या पाड्यावर गेला. तिथे बायजी नावाची म्हातारी होती. पूर्वी तिच्या झोपडीत ताडी मिळायची. जेवण वाढताना तिने फळीवरून एक गोल, चपटा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली सुकट भाजायला घेतली. झाकण उलटं पडलं. त्याच्यावर पांढऱ्या रंगाची एक खूण होती. अर्धी उडालेली, पण एकच्या पुढे शेपटीवाला चार होता.

चिमणच्या हातातला घास हातातच राहिला.

"हा डबा कुठला, बायजी?"

"डहाणूच्या शेठचा. तंबूवाल्याचा. लय पिऊन बसला होता, गाडीला लाथा मारत गेला आन् हा इथंच ठेवून गेला. परत येईल म्हणून दोन वरसं तसाच ठेवला. मग बोलली, आता काय येतो. सुकट भरली."

"आतलं रीळ?"

"ते पोरांनी ओढलं. दुधीचा मांडव बांधला त्याने. चांगली घट्ट गाठ बसायची." तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं? तुझं तोंड असं का?"

चिमणने सगळं सांगितलं. बायजीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती डोंगराकडची, तलासरीच्या बाजारात वर्षातून एकदा जाणारी. ती उठून गोठ्यामागे गेली आणि एक हातभर पट्टी घेऊन आली, उन्हाने तडकलेली, दोन्ही बाजूंना गाठींचे वळ पडलेली. चिमणने ती सूर्याकडे धरली. एकाखाली एक इवलीइवली चित्रं, सगळी सारखीच. खुंटीला टांगलेला सदरा.

नवा स्टीलचा डबा देऊन चिमणने तो जुना डबा घरी आणला. शुक्रीने नाकाला पदर लावला.

"हे काय आणलंस? मेलेला मासा?"

"माझं नाव आणलंय," चिमण म्हणाला.

"मग धुऊन तरी घे. नावाला वास मारतो."

त्याने धुतला नाही. वास हाही पुरावाच होता.

आता डबा होता, बायजी होती, पण बाजार नव्हता. शेठच्या घरी जाऊन दाखवून काय होणार? दार लावून घेईल. तालुक्याच्या कचेरीत कोण ऐकणार? चिमण थांबला. पुढच्याच वर्षी त्याची नात शितल तलासरीच्या शाळेत पाचवीला गेली, वसतिगृहात राहायला. सोडायला गेला तर फाटकावरचा म्हातारा राखणदार हसून म्हणाला, "काय चिमण, पोरीला पण रिळं मोजायला शिकवलीस काय?" वसतिगृहातल्या पोरींनी ते उचललं. दिवाळीला घरी आलेल्या शितलने विचारलं, "आजा, तू काय चोरला होतास?" रात्रभर चिमणने शेठला पुन्हा एकदा खाडीत रुतवलं.

आणि त्याच सुट्टीत शितलने एका वर्तमानपत्राच्या पुरवणीतला लेख वाचून दाखवला. डहाणूच्या रविंद्रशेठची मुलाखत होती. शेठने सांगितलं होतं, "'हातभर अंगण'चा शेवट फार दुःखी होता. मला वाटलं, या भागातल्या माझ्या भोळ्या माणसांना तो सोसणार नाही. म्हणून मी स्वतः शेवट बदलला. त्यांना जेवताना दाखवलं. लोक अजून माझी आठवण काढतात."

"पुन्हा वाच," चिमण म्हणाला.

शितलने पुन्हा वाचलं.

"भोळ्या?"

"भोळ्या लिहिलंय."

चिमण उठून ओट्यावर जाऊन बसला. मघापर्यंत त्याला फक्त नाव परत हवं होतं. आता त्याला त्या माणसाच्या तोंडून शेवटही परत काढून घ्यायचा होता.

२०१८ च्या फेब्रुवारीत संधी चालून आली. डहाणूच्या कॉलेजात शिकवणाऱ्या योगितामॅडम गावोगाव जुने सिनेमे दाखवायच्या, लॅपटॉपवरून, पांढऱ्या पडद्यावर. 'हातभर अंगण'ची नवी स्वच्छ प्रत निघाली होती. मॅडम ती प्रत तलासरीला शितलच्या शाळेच्या मैदानात दाखवणार होत्या आणि अगोदर रविंद्रशेठचा सत्कार होता. चिमण त्यांना भेटायला गेला. त्याला फार बोलता आलं नाही.

"मी तंबूत मशीन चालवायचो. त्या सिनेमाचं एक जुनं सामान हाय. लोकांना दाखवायचं होतं."

"अहो, जरूर आणा, बाबा. शेवटी तुम्हाला माइक देते," मॅडम आनंदाने म्हणाल्या.

त्या दिवशी अंधार पडायच्या आधीच मैदान भरलं. चिमणने बायजीला पुढच्या सतरंजीवर बसवलं. डबा फडक्यात बांधून मांडीवर घेतला. शुक्री शेजारी बसली. शेठ आला. पंचाहत्तरी ओलांडलेला, काठी टेकत. गळ्यात झेंडूचा हार घातला, खांद्यावर शाल. पुढच्या खुर्चीत बसताना त्याची नजर चिमणवरून फिरली आणि पुढे गेली. ओळखलं नाही. चिमणला हे अपेक्षित नव्हतं. ज्याला तो मनात रोज भेटत होता, त्याला हा आठवतही नव्हता.

सत्काराला उत्तर देताना शेठने शेवटाची तीच गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मग दिवे गेले.

सिनेमा तोच होता. शिंप्याची सुई, मशीनचा पाय, मुलींच्या वेण्या. पडदा इतका स्वच्छ की चिमणला वाटलं, माणसं काल आंघोळ करून आली आहेत. मोबाईल हातात घेऊन बसलेल्या पोरांनी पहिल्या अर्ध्या तासात मोबाईल खाली ठेवले. चाळीस वर्षांत कैनाडला सिमेंटची घरं आली, हायवेला सहा पदर झाले, पण टोप तिरका झाला तेव्हा मैदानातून तोच आवाज आला, नाकातून ओढलेल्या श्वासाचा. चिमणने आजूबाजूला पाहिलं. घरोघरी कोणीतरी शेवटी जेवणारं आहेच, म्हणून हे जुनं होत नाही, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने मन आवरलं. आज तो सिनेमा बघायला आला नव्हता.

तेरावं रीळ संपलं. शिंप्याने दाराकडे पाहिलं. दार उघडलं आणि शेजारी आत आला. मैदानातल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये चुळबुळ सुरू झाली. सदरा खुंटीला टांगला गेला. वाऱ्याने त्याची बाही हलली. पडदा काळा झाला.

"चुकलं," मागून एक म्हातारा म्हणाला. "जेवण राहिलं."

"हां, पोरगा कुठंय? पोरगा येतो ना."

"मॅडम, पुढचा तुकडा लावा. जेवतात ते लावा."

योगितामॅडम गोंधळल्या. "हाच मूळ शेवट आहे. तुम्हाला जो आठवतोय तो शेठनी—" आणि त्यांनी शेठकडे पाहिलं.

शेठ रडत होता. शालीच्या टोकाने डोळे टिपत होता. खोटं नव्हतं ते, हे चिमणला दिसत होतं. आणि त्यामुळे चिमणचा राग दुप्पट झाला. तो सदरा शेठने आज पहिल्यांदा पाहिला होता की काय कोण जाणे. पण रडून मोकळा होऊन हा माणूस घरी जाणार होता. लोक म्हणणार होते, बघा, किती हळवा म्हातारा. चिमण उठला.

माइक हातात आल्यावर तो फडक्याची गाठच चाचपत राहिला. शुक्री खालून म्हणाली, "बोल की. चाळीस वरसं मनात बोललास ते बोल."

"शेठ," चिमण म्हणाला, "तुम्ही शेवट बदलला. तर कितवं रीळ लावलं होतं?"

शेठने मान वर केली. "काय?"

"जेवणाचं. तेरानंतर कितवं लावलं?"

"अरे भाई, इतकी वर्षं झाली. सातवं असेल. आठवं."

"चौथं," चिमण म्हणाला. "ते उलटं गुंडाळायला चार मिनिटं लागली. आणि ते पूर्ण नव्हतं लावलं. कुठे थांबवलं?"

मैदानातला एक म्हातारा बसल्या जागी म्हणाला, "आई घास उचलते तिथं."

"तिथं," चिमण म्हणाला. "पत्रा मी ओढला होता. ह्या हाताने. आता सांगा, चौदावं कुठे होतं?"

आता शेठने त्याला ओळखलं. चेहऱ्यावरून कळलं. "चिमण," तो हळू म्हणाला, "जुनं झालं ते. विसर."

"मी विसरलो असतो. तुमच्या बाजाराने विसरू दिलं नाय."

त्याने फडकं सोडलं आणि डबा शेठच्या मांडीवर ठेवला, झेंडूच्या हारावर. झाकण वर. शेपटीवाला चार दिव्याच्या उजेडात आला. सुकटीचा वास पुढच्या चार रांगांत पोचला आणि शेठने नाक वळवलं.

"वास माझा हाय," बायजी सतरंजीवरून म्हणाली. "पस्तीस वरसं सुकट ठेवली मी त्यात. तू ताडी प्यायला बसलास, शेठ, आन् डबा विसरून गेलास. मी वाट बघितली तुझी. वाटलं, एवढा मोठा शेठ, डबा घ्यायला येईल. तुझं रीळ दुधीला लागलं रे. दुधी चांगला आला."

आधी एक बाई हसली. मग पाठीमागची पोरं, मग सगळं मैदान. तेच हसू होतं, चिमणच्या कानात जपलेलं. फक्त त्याने घर बदललं होतं. शेठ हार आणि डबा दोन्ही मांडीवर घेऊन मध्ये बसला होता आणि त्याला उठता येत नव्हतं.

हसू ओसरल्यावर चिमणने माइक त्याच्या तोंडापुढे धरला. "बोला."

शेठने शाल सावरली. "रीळ... मी विसरलो होतो. चिमणने चोरलं नव्हतं."

"आयकू नाय आलं," मागून कोणी म्हणालं.

"चिमणने चोरलं नव्हतं."

"आणखी एकदा," चिमण म्हणाला.

"अरे, किती वेळा?" योगितामॅडमना राहवेना. "बाबा, वय झालंय त्यांचं."

"चप्पल तीनदा मारली होती, मॅडम," चिमण म्हणाला. "माझं वय तेव्हा पंचवीस होतं."

शेठने तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी स्वच्छ, मोठ्याने, फाटकावरच्या राखणदारापर्यंत जाईल असं. शितल वसतिगृहाच्या मुलींमध्ये बसली होती. चिमणने तिच्याकडे पाहिलं. ती मुलींकडे बघत होती, एकेकीच्या तोंडाकडे, सावकाश.

"आता जेवण लावा," लोक म्हणाले.

लॅपटॉपवर चौथं रीळ कुठे सापडणार? चिमण मॅडमच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "अर्ध्या तासाच्या जरा पुढे बघा. दार उघडतं तिथे." सापडलं. मुलगा आत आला, सगळे बसले, टोप तिरका झाला. आईने घास उचलला. "इथे," चिमण म्हणाला आणि त्यानेच बोटाने बटण दाबलं. पडदा काळा झाला. मैदानाने श्वास सोडला. चिमणने पडद्याकडे पाहिलंच नव्हतं, तो शेठकडे बघत होता.

लोक उठू लागले. शेठ काठी टेकून त्याच्यापाशी आला.

"आता तरी माफ केलंस ना?"

"नाय," चिमण म्हणाला. त्याने शेठच्या हातातला डबा काढून घेतला. "हा मी घरी नेतो. उद्या पेपरात सांगाल, डबा माझ्याकडेच होता."

शेवटच्या बसने ती दोघं डहाणूकडे आली आणि तिथून कैनाडला. घरात शिरल्यावर चूल फुंकता फुंकता शुक्रीने विचारलं, "माफ केलंस का त्याला?"

"नाय."

"बरं केलंस." तिने सकाळचा भात गरम केला आणि त्याचं ताट वाढलं. "आता हा वासाचा डबा ठेवायचा कुठे?"

"फळीवर. समोर."

डबा फळीवर गेला. चिमण ताटापाशी बसता बसता थांबला, उठून चुलीपाशी गेला आणि झाकण उचललं. टोपात भात नव्हता, कडेला लागलेला तेवढा होता. शुक्री पाण्याचा तांब्या घेऊन टोपाकडेच येत होती.

"दे इकडे ते पाणी," चिमण म्हणाला. तांब्या खाली ठेवून त्याने ताटातला अर्धा भात काढला आणि तिच्यासमोर सारला.